पट्टा घरी आणा

आदरणीय ताई,

मी ४६ वर्षांची आहे. पुण्यात एका सहकारी बँकेत २१ वर्षं नोकरी करते, त्यातली बहुतेक कॅश काउंटरवर. घरी नवरा, बारावीतली मुलगी आणि सासूबाई. आठ महिन्यांपूर्वी भाचीला सोबत म्हणून बेली डान्सच्या वर्गाला गेले. भाचीने दोन रविवारांत सोडलं, मी अजून जाते आहे. घरी मात्र योगासनांचा वर्ग म्हणून सांगितलंय. कमरेला बांधायचा नाण्यांचा पट्टा घरात वाजेल म्हणून तो बँकेतल्या माझ्या ड्रॉवरमध्ये जुन्या ओढणीत गुंडाळून ठेवते आणि आठवडा संपताना पर्समध्ये टाकून आणते. आठवडाभर मी त्या दीड तासाची वाट पाहते.

गेल्या महिन्यात वर्गातल्या एकीने व्हॉट्सॲप स्टेटसला व्हिडिओ ठेवला. तो आमच्या एका सहकाऱ्याने पाहिला. तेव्हापासून मी खुर्चीतून उठले की हे गृहस्थ म्हणतात, "मॅडम, जपून, कंबर लचकेल," आणि आजूबाजूचे दोघं-तिघं हसतात. जानेवारीत वर्गाचा कार्यक्रम आहे. आमच्या बाई म्हणतात, तुम्ही स्टेजवर यायचंच. सिझेरियनचा व्रण आणि सुटलेलं पोट घेऊन कशी उभी राहू? पाठही अधूनमधून दुखते. नाचामुळे की खुर्चीमुळे, कळत नाही. आणि ताई, या वयात, या नोकरीत, मला या नाचात इतका आनंद होतो, यात माझं काही चुकतंय का?

— एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रीण,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ड्रॉवरपाशी थांबले. दिवसभर लोकांची चिल्लर मोजून देणारी बाई स्वतःची नाणी मात्र वाजू नयेत म्हणून ओढणीत गुंडाळते, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते.

काहीही चुकत नाही. आनंद होतो म्हणून नाचायला जाणं यात काय चुकायचं? मला खटकलं ते 'योगासनांचा वर्ग' हे. घरच्यांशी खोटं बोललात म्हणून नव्हे, ते तर आपण उद्या-परवा निस्तरू. खटकलं ते एवढ्यासाठी, की तुम्ही त्या आनंदाला औषधाची चिठ्ठी जोडलीत. आपण बायका हे सारखं करतो. चालायला जातो ते साखरेसाठी, पोहायला जातो ते गुडघ्यांसाठी, पेटी शिकतो ते मन रमावं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. घरातला एक तास मागायचा तर त्याला दुखण्याची पावती जोडावी लागते असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. तुम्हाला तर पाठदुखीची पावती खरोखरच जोडता आली असती. तरी मी म्हणते, जोडू नका. ज्या दिवशी पाठ बरी होईल त्या दिवशी रविवारवरचा तुमचा हक्क संपेल.

मी हे अनुभवावरून बोलते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही नऊ वर्षं कुवेतमध्ये, साल्मियाला राहत होतो. समोरच्या फ्लॅटमध्ये एक इजिप्शियन कुटुंब होतं. त्या बाई मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या. मला त्या ठाऊक होत्या त्या जिन्यात भेटणाऱ्या: राखी रंगाचा लांब कोट, डोक्याला रुमाल, काखेत तपासायच्या पेपरांचा गठ्ठा. त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि आदल्या रात्री मेंदीला त्यांनी मला बोलावलं.

सोफे भिंतीला लावलेले. पुरुष मंडळी खालच्या मजल्यावर पाठवलेली. टेबलावर करकदेचे, म्हणजे जास्वंदीसारख्या फुलांच्या लालभडक सरबताचे पेले. एक मावशी मांडीवर आडवा ढोल घेऊन बसली होती. सुरईसारखा आकार, एका तोंडाला कातडं. त्याला तिकडे 'तबला'च म्हणतात, हे ऐकून मला भारी आनंद झाला होता. तिने थाप मारली आणि माझ्या या रसायनशास्त्राच्या बाईंनी खुंटीवरची ओढणी ओढली, कमरेखाली नितंबांवर घट्ट गाठ मारली आणि त्या मधोमध उतरल्या. मी पाहतच राहिले. खांदे जागच्या जागी, चेहऱ्यावर साधं हसू, आणि कंबर मात्र ढोलाच्या एकेका बोलाला उत्तर देत होती. चांगल्या गुबगुबीत होत्या त्या. तिथे जमलेल्या पंचवीस-तीस बायकांमध्ये बहुतेक सगळ्याच तशा होत्या. मग एकेक करून सगळ्या उतरल्या, नवरी, नवरीची होणारी सासू, दहा वर्षांची पोर. सत्तरीपुढच्या एक आजी होत्या, त्यांचे गुडघे गेलेले. त्या खुर्चीवर बसूनच फक्त खांदे थरथरवत होत्या आणि त्या थरथरीवर बायका जिभा हलवून 'लुलुलुलु' करत होत्या. आनंदाच्या त्या किलकारीला अरबीत 'जगारीत' म्हणतात. त्या खोलीत कुणीही पोट आत ओढून घेतलेलं नव्हतं. माझं तेवढं ओढलेलं होतं, सहावारीच्या निऱ्यांच्या आत. मला मध्ये ढकललं तेव्हा दहाएक मिनिटांनी कधीतरी ते सुटलं.

हे सगळं सविस्तर सांगायचं कारण असं, की तुम्ही जो नाच घरापासून लपवताय, त्याचं माहेर घरच आहे. लग्न, बारसं, मेंदी, मैत्रिणींची दुपार. इजिप्तमध्ये बहुतेक मुली हा नाच वर्गात जाऊन शिकत नाहीत, आई-मावश्यांना बघून शिकतात. त्याला 'बेली डान्स' हे नावही त्यांचं नाही. फ्रेंचांनी त्याला 'पोटाचा नाच' म्हटलं, आणि १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात 'कैरोचा रस्ता' उभारून तो दाखवला गेला तेव्हापासून ते इंग्रजी नाव अमेरिकेत गाजलं. अरबीत रंगमंचावरच्या प्रकाराला 'रक्स शर्की' म्हणतात, पूर्वेचा नाच. रक्स हा शब्द गझला ऐकणाऱ्यांना नवा नाही. घरगुती, मातीतल्या प्रकाराला म्हणतात 'रक्स बलदी', म्हणजे आपल्या गावचा, आपल्या मुलखाचा नाच. घरी सांगायची वेळ येईल तेव्हा हे नाव लक्षात ठेवा. 'बेली' या शब्दाने लोकांची नजर उगाच पोटावर खिळते. खरं काम तर कंबर, नितंब, गुडघे आणि छातीचा पिंजरा करतो.

आता तुम्ही म्हणाल, मग लोकांना यात इतकं वावगं का वाटतं? ते इजिप्तमध्येही वाटतं. घरात नाचणारी बाई सगळ्यांना चालते, पैसे घेऊन परक्यांसमोर नाचणारी चालत नाही. १८३४ साली इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली याच्या राजवटीने नाचणाऱ्या गवाझी बायकांना कैरोतून हाकलून दक्षिणेला, इस्ना, किना, अस्वानकडे पाठवलं. १९२६ साली बदिया मसाबनी या धडाडीच्या बाईंनी कैरोत स्वतःचं नृत्यगृह काढलं. तहिया कारिओका, सामिया गमाल या पुढे सिनेमात गाजलेल्या नर्तकी तिथूनच आल्या. सगळा देश त्यांच्यावर जीव टाकायचा, पण आपल्या मुलीने तो पेशा घ्यावा असं कुणाला वाटायचं नाही. हे आपल्याला परकं आहे का? लावणीला शिट्ट्या मारणाऱ्या गावाने फडावरच्या बाईला वाड्याच्या ओट्यावर किती वेळा बसवलं? लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांची नव्वदी उलटून गेली होती. त्यामुळे तुमच्या सहकाऱ्याच्या त्या हसण्यात जे आहे ते त्याने शोधलेलं नाही, फार जुनं आहे. आणि ते तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही.

उलट्या बाजूचीही एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. १९५९ साली महमूद रेदा यांनी कैरोत लोकनृत्यांचं एक पथक काढलं, रेदा ट्रूप. त्यातली प्रमुख नर्तकी फरीदा फहमी ही अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांची मुलगी. त्या काळात 'चांगल्या घरातली मुलगी' स्टेजवर नाचते म्हणजे काय, याची कल्पना तुम्ही करू शकता. वडील पाठीशी उभे राहिले. शिकलेलं घर उघडपणे 'हो, आमची मुलगी नाचते' म्हणालं, आणि लोकांच्या नजरेत त्याने बराच फरक पडला. या उघडपणे म्हणण्याकडे मी परत येणार आहे.

त्याआधी थोडं त्या आनंदाविषयी, कारण तुम्ही तो एका शब्दात उरकलात आणि मला वाटतं तो तुम्ही स्वतःशी नीट बोलून पाहिला पाहिजे.

काउंटरवर दिवसभर तुमचं काय हलतं? बोटं, मनगट, मान. त्याच्या खाली सगळं खुर्चीत ठेवून दिलेलं. या नाचात पहिल्या दिवशी शिकवतात ते नेमकं उलट: वरचं सगळं शांत, आणि खालचा एकच भाग जागा करायचा. फक्त उजवं नितंब वर, खाली. फक्त छाती डावीकडे, उजवीकडे. मग इंग्रजी आठचा आकडा आडवा झोपवून तो कमरेने गिरवायचा. पहिले दोन महिने शरीर ऐकतच नाही. नितंब हलवायला गेलं की खांदा मदतीला धावतो, जबडा आवळला जातो. आणि मग एका रविवारी तो आठचा आकडा अडखळल्याशिवाय पुरा होतो. माझ्या बाबतीत ते घडलं तेव्हा मी ५२ वर्षांची होते. कुवेतहून परतल्यावर बरीच वर्षं काही नाचले नव्हते, मग इथे एक वर्ग सापडला. त्या दिवशी रिक्षातून घरी येताना मला सारखं जाणवत होतं की मला कंबर आहे. दुखत नसतानाही जाणवत होतं.

आणि शिमी, ती कमरेची थरथर! तुमची बसली आहे का अजून? ती गुडघ्यांतून येते. दोन्ही गुडघे किंचित वाकवून आळीपाळीने भराभर मागेपुढे करायचे, कंबर सैल सोडायची, थरथर आपोआप वर चढते. नाणी एकसारखी खळखळू लागली की समजावं बसली. पण 'बसली का?' म्हणून बघायला गेलं की ती मोडते. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. शंभराच्या नोटांचं बंडल मोजताना तुम्ही बोटांकडे बघता का? बघितलं तर आकडा चुकेल. नोटा मोजताना जी तंद्री तुम्हाला २१ वर्षांच्या सवयीने लागते, तीच इथे गुडघ्यांत आणायची आहे. मात्र इथे शेवटी ताळा जुळवायचा नाही, कुणाला हिशेब द्यायचा नाही. तुमच्या आठवड्यात असे तास किती आहेत?

ताल ऐकायची सवय लावून घ्या, आनंद दुप्पट होईल. सगळ्यात जास्त भेटणारा ठेका म्हणजे मक्सूम. आठ मात्रा, आपल्या केरव्याइतक्या: दुम तक ऽ तक, दुम ऽ तक ऽ. 'दुम' ढोलाच्या मध्यावरची भरीव थाप, 'तक' कडेची टणक. पोळ्या लाटताना तोंडाने म्हणा. बलदीत सुरुवातीला दोन दुम येतात: दुम दुम ऽ तक, दुम ऽ तक ऽ. दक्षिण इजिप्तच्या सईदी ठेक्यात ते दोन दुम मध्ये सरकतात: दुम तक ऽ दुम, दुम ऽ तक ऽ. एवढे तीन ओळखू आले की कुठलंही गाणं लागलं तरी पाय आपले आपण ठरवतात. आणि जेव्हा ढोल थांबून नुसता तारांचा ऊद किंवा बासरीसारखं नाय वाजू लागतं, त्या 'तकसीम'मध्ये काहीही ठरलेलं नसतं. आपल्या आलापासारखंच ते. वाजवणारा जिकडे नेईल तिकडे हळूहळू जायचं. तुमच्या बाई कदाचित अजून त्याकडे वळल्या नसतील, त्यांना विचारा. ठरावीक स्टेप्स बसवण्यात मजा आहेच, पण माझ्या मते या नाचाचा जीव तकसीममध्ये आहे.

पाठ. दोन आठवडे एका कागदावर लिहून काढा, कधी दुखते ते. रविवारी संध्याकाळी दुखत असेल तर नाच तपासायचा, शुक्रवारी दुखत असेल तर खुर्ची. नाचात बहुतेक जणींची चूक एकच असते: छाती पुढे काढायच्या नादात कंबरेला बाक येतो आणि तिथेच सगळा भार पडतो. गुडघे मऊ, माकडहाड खाली सोडलेलं, बरगड्या वर उचललेल्या, हे आधी, हालचाल मागून. गुडघे कधीही ताठ कुलूपबंद करायचे नाहीत. मागे वाकून केस जमिनीला टेकवणं वगैरे प्रकार आपल्याला लागत नाहीत. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर वाटत असेल तर मात्र नाच थांबवून आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तसंच सिझेरियनच्या जागी खोकताना फुगवटा येत असेल तर तोही दाखवून घ्या. तसं काही नसेल तर जुना व्रण आड येत नाही. पोट उतरेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, त्याबद्दल मला तुमचं कौतुक वाटलं.

स्टेजवर जा. पोटाचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. मण्यांची चोळी आणि कमरेखाली घागरा हा दोन तुकड्यांचा पोशाख विसाव्या शतकात कैरोच्या नाइटक्लबांमधून आणि सिनेमांतून रूढ झाला. हा नाच त्याच्याहून पुष्कळ जुना आहे. इजिप्तमध्ये तर व्यावसायिक नर्तकींना पोट झाकण्याचाच नियम आहे, म्हणून कित्येक जणी अंगाच्या रंगाची जाळी लावतात. बलदी आणि सईदी नाच घोट्यापर्यंतच्या सरळ झग्यात, गलाबियात, करतात आणि वर नितंबांना ओढणी बांधतात. फिफी अब्दो ही तिकडची अतिशय लोकप्रिय नर्तकी. पायघोळ पांढऱ्या गलाबियात ती ज्या ठसक्याने नाचते ते एकदा बघा, आणि तिच्या वयाकडे आणि अंगाकडेही बघा. तुमच्या बाईंना सांगा की मला सईदी द्या. हातात हलकी काठी असते. दक्षिण इजिप्तमधल्या पुरुषांच्या 'तहतीब' या लाठीच्या खेळावरून बायकांनी ती घेतली आणि तिच्याशी लाडाने खेळू लागल्या. काठी हातात असली की 'हातांचं काय करू' हा स्टेजवरचा पहिला घोळही मिटतो. गडद रंगाचा, अंगाला जरा धरून असलेला गलाबिया कुठलाही शिंपी शिवून देईल. घेर जास्त ठेवायचा नाही, नाहीतर कंबर दिसत नाही. हे सगळं झाल्यावरही तुम्हाला व्रण उघडा ठेवून नाचावंसं वाटलं तर जरूर नाचा. पण ते तुमच्या मनात आलं तर. धैर्य दाखवायचं म्हणून नको.

आता ते सहकारी. इथे मी मऊ बोलणार नाही. एका बाईच्या शरीराबद्दल रोज चारचौघांत असे शेरे मारणं ही चेष्टा नाही. २०१३च्या कायद्यात, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या व्याख्येत अश्लील वळणाचे शेरे थेट धरलेले आहेत. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. आजपासून तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं हे डायरीत लिहीत जा. पुढच्या वेळी ते गृहस्थ बोलले की हातातलं काम थांबवा, त्यांच्याकडे बघा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: "मी नाच शिकते. माझ्या कमरेबद्दल परत बोलायचं नाही." एवढंच. हसायचं नाही, विषय बदलायचा नाही. त्यानंतरही चालूच राहिलं तर डायरी घेऊन समितीकडे जा. आणि वर्गात बाईंना सांगून एक नियम करून घ्या, की विचारल्याशिवाय कुणी कुणाचा व्हिडिओ स्टेटसला टाकायचा नाही. तुम्हाला लपायचंय म्हणून नव्हे. प्रत्येकीने कधी आणि कुणाला दिसायचं ते तिचं तिने ठरवावं म्हणून.

ते वाक्य बँकेत म्हणायचं तर आधी घरी म्हणून झालेलं हवं. बाहेरच्या कुणाकडून यजमानांना कळण्याआधी तुमच्याकडून कळू दे. मोठी बैठक बसवू नका. रात्री भांडी आवरताना सांगा: "मी रविवारी योगाला जात नाही. मी बलदी शिकते, बेली डान्स. आठ महिने झाले. सांगायची भीती वाटली, पण मला ते फार आवडतं." यातलं शेवटचं वाक्य गाळू नका आणि त्यापुढे 'पाठीसाठी चांगलं असतं' हे जोडू नका. त्यांना कदाचित लपवल्याचं वाईट वाटेल. ते वाजवी आहे, त्याची माफी मागा. लपवल्याची मागा, नाचाची नको.

मुलीला बहुधा माहीत असेल. सतरा-अठरा वर्षांच्या मुलींना आईच्या पर्समधलं सगळं माहीत असतं.

सासूबाईंबद्दल तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला आणि पुढे गेलात, म्हणून मला वाटतं खरी धास्ती तिथे आहे. त्यांना मंगळागौरीविषयी विचारा. त्यांच्या वेळी रात्र कशी जागवायचे, कुठल्या फुगड्या घालायचे, सूप कोण नाचवायचं, पिंगा घालताना कोण सगळ्यात जास्त रंगायचं. नुसतं विचारून सोडू नका, करून दाखवायला सांगा. मी हे स्वतः पाहिलंय: माझ्या आईला गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं तेव्हाही पिंग्याची ओळ कानावर आली की ती बसल्या जागी कमरेतून डुलायची. ते डुलणं आणि साल्मियाच्या त्या आजींचे खांदे, मला दोन्हींत काही फरक दिसला नाही. पुरुष बाहेर, बायका आत, कमरेला पदर खोचलेला, रात्रभर नाच. हे आपल्याकडे चालत आलंय, फक्त त्याला आपण खेळ म्हणतो. सासूबाई रंगात आल्या की तुमच्याकडचा एक खेळ त्यांना दाखवा. सुरुवात खांद्यांनी करा, नितंबांनी नको. त्यांना आवडलं नाही तर नाही आवडलं. सांगणं तुमचं काम, पसंत करणं त्यांच्यावर सोडा. रविवार तरीही तुमचाच राहील.

शेवटचं काम सोमवारचं. ड्रॉवर उघडा, ओढणी सोडा आणि पट्टा घरी आणा. पर्समध्ये घालताना गुंडाळू नका, वाजला तर वाजू दे. घरी आल्यावर कपाटात चुरगाळून कोंबू नका, नाण्यांच्या कड्या एकमेकींत अडकतात आणि दोरे तुटतात. हँगरच्या दांडीवर आडवा टाका. मशिनमध्ये कधीही धुऊ नका. बादलीत गार पाणी, थोडा शाम्पू, हाताने खालीवर करून घ्यायचा, पिळायचा नाही. टॉवेलवर पसरून सावलीत वाळवायचा. वाळल्यावर एकेक नाणं ओढून बघा. जे हललं त्याला शिवणाचा दुहेरी दोरा घालून लगेच टाके घाला, कारण शिमीला पहिलं तेच उडतं.

जानेवारीत काय झालं ते कळवा. सासूबाई कुठल्या रांगेत बसल्या होत्या तेही लिहा.

— तुमची ताई